मोबाइलमधील कागद संगणकात नेताना

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या जुन्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा हळदीची अडत असलेल्या एका पेढीचे कपाट तीन दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर रोजकीर्द, खतावणी, बिलबुके आणि काटापावत्यांचे गठ्ठे गच्चीवर वाळत घालण्यात आले. शाईने लिहिलेले बहुतेक सारे धुऊन गेले होते. त्या दिवसापासून पेढीवर एक नियम झाला. हाती येणाऱ्या प्रत्येक कागदाचे, मग ती बिल्टी असो, भुईकाट्याची पावती असो वा हमाली-तोलाईची चिठ्ठी, मोबाइलवर छायाचित्र घ्यायचे. नियम चांगला होता आणि तो पाळलाही गेला. पुढे मोबाइल भरला, तेव्हा घोळ झाला.

धाकट्या चिरंजीवांनी एका सायंकाळी चार महिन्यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठविली, संगणकावर व्हॉट्सॲप उघडून ती उतरवून घेतली आणि मोबाइल रिकामा केला. दोन-अडीच महिन्यांनी परराज्यातील एका खरेदीदाराने कळविले की, अमुक ट्रकमधील हळद पाच क्विंटल कमी भरली. मूळ काटापावती ट्रकचालकाबरोबर गेलेली होती आणि पेढीकडे राहिले होते ते तिचे छायाचित्र. संगणकावर ते उघडून मोठे केले, तेव्हा वजनाच्या आकड्यातील दुसरा अंक तीन आहे की आठ, हे कोणालाही सांगता येईना. ८,३४० किलो की ८,८४० किलो, एवढाच प्रश्न होता. परंतु त्याचे उत्तर धुरकट ठिपक्यांत हरवले होते.

"पाठवताना फोटो स्वच्छ होता, अण्णा," चिरंजीव म्हणाले.

"मग तो स्वच्छ फोटो कुठं आहे?"

"मोबाइलमधला काढला. सगळे कॉम्प्युटरवर गेले होते ना."

"सगळे म्हणजे किती? मोजले होतेस?"

मोजले नव्हते. मोबाइलमधील कचरापेटीही पाहण्यात आली. परंतु पुसलेली छायाचित्रे तेथे साधारण तीस दिवस, आणि गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला असल्यास साठ दिवस राहतात. दोन्ही मुदती उलटून गेल्या होत्या. काटेवाल्याकडेही जुनी नोंद मिळाली नाही. अखेर निम्मी घट सोसून पेढीने सौदा मिटविला. खरेदीदार जुना होता, संबंध टिकले. तथापि अडीच क्विंटल हळदीची रक्कम गेली ती गेलीच.

या प्रकरणात चोरी झाली नाही, यंत्रही बिघडले नाही. 'पाठविणे' आणि 'नेणे' या दोन क्रिया एकच समजल्या गेल्या, आणि दोन्ही टोकांचा मेळ घेण्यापूर्वी मूळ प्रत पुसली गेली. बँकेच्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेकडे रोकड जाते, तेव्हा ती निघताना मोजली जाते आणि पोहोचल्यावर पुन्हा मोजली जाते. पोहोच आल्याशिवाय पाठविणारी शाखा आपल्या वहीतील ती रक्कम निकाली काढीत नाही. पेढीवरचे दिवाणजीही मेळ लागल्याखेरीज रात्री दिवा मालवत नसत. मोबाइलमधील फाइलींना मात्र हा न्याय क्वचितच लावला जातो.

व्हॉट्सॲपने नेमके काय केले, हे आधी पाहणे आवश्यक आहे. छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठविल्यास ते लवकर पोहोचावे म्हणून ही सेवा त्याचा आकार कमी करते. चार-पाच एमबीचे छायाचित्र बहुधा काहीशे केबींवर येते. चेहरा ओळखण्यास तेवढे पुरते, फिकट शाईतील अंक वाचण्यास पुरत नाही. शिवाय छायाचित्र कोणत्या दिवशी, किती वाजता टिपले ही कॅमेऱ्याने फाइलीच्या पोटात लिहिलेली नोंदही या प्रवासात गळून पडते. संगणकावर उरते ती उतरवून घेतल्याची तारीख. वजनाच्या वादात ही वेळेची नोंद वजनाइतकीच महत्त्वाची ठरू शकते. 'एचडी' हा पर्याय निवडल्यास स्पष्टता वाढते, तरीही ती मूळ फाइल नसते. मूळ फाइल जशीच्या तशी पाठवायची असेल, तर छायाचित्रांच्या बटणाऐवजी 'डॉक्युमेंट' हे बटण निवडून ती जोडावी. २०२२ पासून या मार्गाने दोन जीबीपर्यंतची फाइल जाते आणि तिच्यात काटछाट होत नाही. ट्रकचालकांनाही पावतीचे छायाचित्र 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठविण्यास सांगावे. एकदा दाखवून दिले की ते त्यांना जमते.

परंतु शेकडो फाइली न्यावयाच्या असतील, तर सर्वांत भरवशाचा मार्ग अजूनही केबलीचा आहे. त्याबाबत पहिली तक्रार नेहमी एकच असते: केबल जोडली, मोबाइल चार्ज होऊ लागला, पण संगणकावर काहीच दिसत नाही. याची कारणे बहुधा दोन असतात. साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात. तांबडी आणि काळी वीज वाहते, पांढरी आणि हिरवी माहिती वाहते. स्वस्तातील काही केबलींत शेवटच्या दोन ताराच घातलेल्या नसतात. बाहेरून पाहून हे कळत नाही. मोबाइलबरोबर पेटीत आलेली केबल जपून ठेवावी ती यासाठी. वाहनात, दुकानात, पाहुण्यांकडे अशी ती फिरत राहिली, तर गरजेच्या वेळी हाती लागते ती दुसरीच.

दुसरे कारण मोबाइलच्या सावधपणाचे आहे. अँड्रॉइडचा मोबाइल संगणकाला जोडला की तो आरंभी केवळ चार्जिंग करतो, आतील माहिती दाखवीत नाही. पडद्याचे कुलूप उघडून वरून खाली बोट ओढावे. तेथे यूएसबीसंबंधी सूचना दिसते. तिच्यावर टिचकी देऊन 'फाइल ट्रान्सफर' निवडले की संगणकावर मोबाइलचे नाव उमटते. आयफोनमध्ये 'या संगणकावर विश्वास ठेवायचा का' असा प्रश्न येतो आणि होकार देऊन सांकेतिक अंक टाकावा लागतो. घाईत नकार दिला गेला, तर केबल काढून पुन्हा जोडावी.

हा सावधपणा त्रासदायक वाटला, तरी तो योग्यच आहे. बिल छापून घेण्यासाठी परक्याच्या दुकानातील संगणकाला मोबाइल जोडून 'फाइल ट्रान्सफर' निवडणे, म्हणजे तिजोरीतील एक कागद हवा म्हणून तिजोरीच उघडी ठेवण्यासारखे होय. तेथे हवी तेवढीच एक फाइल पाठवावी. स्थानकांवरील वा विमानतळांवरील अनोळखी यूएसबी खाचेत मोबाइल लावण्याबाबत रिझर्व्ह बँकेच्या 'बी(अ)वेअर' या पुस्तिकेतही सावध करण्यात आले आहे. प्रवासात स्वतःचा चार्जर विजेच्या खाचेत लावावा, हे उत्तम.

संगणकावर मोबाइल दिसू लागला की पुढचा प्रश्न येतो, कागद आहेत तरी कोठे? कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे 'डीसीआयएम' नावाच्या कप्प्यात, त्यातील 'कॅमेरा' या उपकप्प्यात असतात. व्हॉट्सॲपवर आलेले कागद तेथे नसतात. अलीकडच्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये ते 'अँड्रॉइड', मग 'मीडिया', मग व्हॉट्सॲपच्या नावाचा कप्पा, अशा तीन-चार दारांच्या आत असतात आणि तेथेही चित्रे एका कप्प्यात, पीडीएफ बिले दुसऱ्या कप्प्यात. केवळ 'डीसीआयएम' नेऊन समाधान मानणाऱ्यांची निम्मी बिले मागेच राहतात. आयफोन विंडोज संगणकाला जोडल्यास मुख्यत्वे कॅमेऱ्याची छायाचित्रेच दिसतात. व्हॉट्सॲपमधील कागद आधी 'फाइल्स' मध्ये साठवून मग अन्य मार्गाने न्यावे लागतात. आयफोन २०१७ पासून छायाचित्रे एचईआयसी या प्रकारात टिपतो. जुन्या संगणकावर ती उघडत नाहीत, म्हणून सेटिंग्जमधील 'फोटोज'मध्ये जाऊन संगणकाकडे नेताना 'ऑटोमॅटिक' हा पर्याय ठेवावा. फाइली नेहमीच्या जेपीजी रूपात उतरतात.

येथे एक पथ्य कसोशीने पाळावे. फाइली निवडून 'कॉपी' करावे, 'कट' कधीही करू नये. कट केल्यावर फाइल एकीकडून निघते आणि दुसरीकडे बसते. मधल्या क्षणी केबल हलली वा वीज गेली, तर ती दोन्हीकडे नसण्याचा धोका असतो. कॉपीत मूळ जागचे काहीही हलत नाही. दहा जीबी माहितीला यूएसबी २.० केबलीने साधारण पाच-सहा मिनिटे लागावीत. कागदोपत्री तिचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट म्हणजे ६० एमबी असला, तरी प्रत्यक्षात निम्मा पदरात पडला तरी पुष्कळ. हजारो लहान फाइली असतील, तर वेळ अधिक लागतो. टाइप-सी खाच दिसली म्हणजे वेग वाढलाच, असेही नव्हे. २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ ला टाइप-सी खाच मिळाली, परंतु त्याच्या साध्या आवृत्तीचा वेग यूएसबी २ चाच राहिला.

बिनतारी मार्गांबद्दल घरोघरी एक गैरसमज आढळतो. वाय-फायने फाइल नेली की इंटरनेटचा डेटा संपतो, असे मानले जाते. मोबाइल आणि संगणक एकाच राउटरला जोडलेले असतील आणि फाइल एकातून थेट दुसऱ्यात जात असेल, तर ती घराबाहेर पडतच नाही. इंटरनेट बंद असले तरी काम होते. गुगलचे 'क्विक शेअर' याच तऱ्हेने चालते. २०२० मध्ये ते 'निअरबाय शेअर' नावाने आले आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या 'क्विक शेअर'शी त्याचे एकत्रीकरण झाले. विंडोज संगणकावर त्याचे ॲप बसविता येते. जवळचे यंत्र शोधण्यास ते ब्लूटूथ वापरते आणि माल वाहण्यास वाय-फाय. आयफोन आणि मॅक यांच्यात हेच काम २०१४ पासून 'एअरड्रॉप' करीत आले आहे. घरात निरनिराळ्या जातींची यंत्रे असल्यास 'लोकलसेंड' हे विनामूल्य ॲप सोयीचे. ते अँड्रॉइड, आयफोन, विंडोज आणि मॅक या सर्वांवर चालते. दिसण्याच्या परवानगीत 'सर्वांना' हा पर्याय कायमचा ठेवू नये, आणि अनोळखी नावावरून फाइल आल्यास ती स्वीकारू नये.

केवळ ब्लूटूथने फाइली नेणे मात्र आता सोडून द्यावे. सेकंदाला सुमारे दोन मेगाबिट या वेगाने एक जीबी जाण्यास तासाहून अधिक वेळ लागतो आणि मध्येच कोणी फोन घेऊन अंगणात गेले की सारे मुसळ केरात. बाजारात एके काळी 'शेअरइट' आणि 'झेंडर' यांचे प्रस्थ होते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये ती दोन्ही होती. जुन्या मोबाइलमध्ये ती अजून पडून असतील, तर काढून टाकावीत.

गुगल फोटोजसारखी सेवा हा तिसरा मार्ग आहे आणि त्यातील खड्डा सर्वांत खोल आहे. तेथे छायाचित्रे आपोआप चढतात, ही सोय खरी. परंतु अनेक जण 'आता वर प्रत आहे' असे मानून मोबाइलमधील छायाचित्र त्याच ॲपमधून पुसतात, आणि वरची प्रतही तिच्याबरोबर नाहीशी होते. ही दोन स्वतंत्र खाती नव्हेत, एकाच खात्याची दोन दारे आहेत. केवळ मोबाइल हलका करायचा असेल, तर त्यासाठी 'फ्री अप स्पेस' असा वेगळा पर्याय आहे. अमर्याद मोफत जागाही १ जून २०२१ पासून उरलेली नाही. १५ जीबी भरली की नवे चढणे थांबते. सूचना येते, पण दुकानाच्या गडबडीत ती कोण वाचतो?

एवढा खटाटोप काही काटापावत्यांसाठी कशाला, असे वाटणाऱ्यांनी कायद्याची मुदत पाहावी. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाचे कागद त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणजे २०२३-२४ या वर्षाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ धरली, तर ते कागद डिसेंबर २०३० अखेरपर्यंत हाताशी हवेत. अपील वा चौकशी चालू असल्यास त्याहूनही पुढे. इलेक्ट्रॉनिक नोंदींबाबत नियम ५७ अधिक स्पष्ट आहे. अपघाताने वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या, तर वाजवी वेळेत त्या पुन्हा उभ्या करता येतील असा बॅकअप ठेवण्याची जबाबदारी व्यापाऱ्यावरच आहे. ज्यांच्या दुकानात पुराचे पाणी आलेले आहे, त्यांना 'नैसर्गिक कारण' म्हणजे काय, हे विचारावे लागत नाही. आणि सात वर्षे एकच मोबाइल कोण वापरतो?

म्हणूनच संगणक हाही शेवटचा मुक्काम नव्हे. मोबाइल आणि संगणक दोन्ही त्याच गाळ्यात, त्याच टेबलावर असतील, तर पाणी दोघांनाही सारखेच. वर्षभराच्या फाइली एका बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून ती दुकानाबाहेर, उंचावर, शक्य तर दुसऱ्या गावी असलेल्या आप्तांकडे ठेवावी.

सांगलीच्या त्या पेढीवर आता शनिवारी सायंकाळी हे काम होते. ते धाकट्या सूनबाईंनी अंगावर घेतले आहे. एक साधी दोनशेपानी वही आहे. तिच्यात तारीख, कप्प्याचे नाव, मोबाइलमधील फाइलींची संख्या, संगणकावर उतरलेल्यांची संख्या आणि दोन्हीकडचा एकूण आकार, असे रकाने आखलेले आहेत. संगणकावर कप्पा उघडून सर्व फाइली निवडल्या की खालच्या पट्टीत संख्या दिसते. त्यासाठी वेगळ्या साधनाची गरज नाही. संख्या जुळली तरी त्या तीन-चार फाइली मधूनच निवडून पूर्ण उघडून पाहतात, त्यातील एक नेहमी काटापावती असते, आणि तिच्यावरील आकडा मोठ्याने वाचतात. अण्णा समोर बसून ऐकतात. सही दोघांची होते. मोबाइलमधील फाइली पुसल्या जातात त्या पुढच्या शनिवारी, हार्ड डिस्कवरही प्रत गेल्यानंतर. धाकट्या चिरंजीवांना हा सोहळा आरंभी फार लांबलेला वाटला. सारे मिळून पंचवीस मिनिटे लागतात.

मागील महिन्यात एकदा मेळ लागेना. मोबाइल २१४ दाखवीत होता, संगणक २१३. सूनबाईंनी पुन्हा मोजले, तरी एक कमीच. "राहू दे, एकच तर आहे," असे चिरंजीव म्हणाले. अण्णांनी वही मिटू दिली नाही. शेवटी तारखेप्रमाणे दोन्ही याद्या शेजारी लावून पाहिल्या. कॉपी चालू असताना सात वर्षांच्या नातवाने, केबल लावलेलाच मोबाइल उचलून, चष्मा कपाळावर सरकवून आकडे मोजणाऱ्या आजोबांचा फोटो काढला होता. तोही संगणकात नेण्यात आला आणि वहीत दोन्हीकडे २१४ लिहून सह्या झाल्या.